प्रति: सिंगल कॅममध्ये प्लग मधोमध का नसतो?

भाऊ, एकच कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) असलेल्या इंजिनात स्पार्क प्लग मधोमध का नसतो, हा तुमचा प्रश्न रास्त आहे, पण ‘कंपनीने पैसे वाचवले’ हे तुमचं अर्धंच उत्तर झालं. दोन व्हॉल्व्हच्या (हवा-पेट्रोल आत घेणारी अन् धूर बाहेर सोडणारी झडप) हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणात, मधली जागा व्हॉल्व्हच खाऊन टाकतात, वरून कॅम जातो. म्हणून स्प्लेंडरसारख्या गाडीत प्लग बाजूने तिरपा येतो. मग ज्योतीला चेंबरच्या (पेट्रोल जळतं ती जागा) पलीकडच्या टोकापर्यंत जास्त अंतर कापावं लागतं, आणि तेवढ्या वेळात तिकडचं मिश्रण तापून आपोआप पेटलं की नॉकिंग, म्हणजे इंजिनातली खडखड. नागपूरच्या मे महिन्यात, 45 डिग्रीत, डबलसीट घेऊन वर्धा रोडचा पूल टॉप गिअरमध्ये चढवा, खडखड ऐकूच येते.

बजाजने 2003 च्या पल्सरमध्ये यावर दोन प्लगचा तोडगा काढला, समोरासमोर. त्याच काळात होंडा सिटीच्या आय-डीएसआयमध्येही प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग होते. कॅम दोन्हीकडे एकच.

पण सिंगल कॅम म्हणजे प्लग बाजूलाच, हे काही खरं नाही. चार व्हॉल्व्ह असले आणि रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारे छोटे दांडे) असले की प्लग मधोमध बसवता येतो. जुन्या होंडा सिटी व्हीटेकमध्ये तो रॉकरच्या मधून नळीतून खाली जातो. तिथलं दुखणं वेगळंच, नळीचं रबरी सील कडक झालं की प्लगच्या खोल खड्ड्यात ऑइल साचतं. प्लगचं वरचं, बाहेरचं पांढरं सिरॅमिक तेलकट निघालं तर प्लग बदलून उपयोग नाही राजेहो, सील बदला. अन् प्लग इंजिन गार झाल्यावरच खोला, अॅल्युमिनियमचे आटे लवकर जातात.