आत खोलीत नेमकं काय झालं? : बडोदेकरांचा अनुभव धागा

'समुपदेशन' या शब्दातच 'उपदेश' आहे, आणि मला वाटतं पुष्कळ माणसं तिथूनच परत फिरतात. उपदेश काय, घरबसल्याही मिळतो: जरा फिरून ये, देवाचं कर, तुला कमी काय आहे? नैराश्य आलेल्या माणसाला 'काउन्सेलरकडे जा' म्हणणारे आता भेटतात, पण दार लोटल्यावर आत काय होतं ते कोणी सांगत नाही. बडोद्याच्या मराठी घरांतल्या ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा. नावं नकोत, डॉक्टरांचीही नकोत.

सुरुवात मी करते. दांडिया बाजार, वय ४८, बँकेत नोकरी. आई गेल्यावर वर्षभरानं माझी झोप पहाटे तीनला मोडायला लागली. कुकर लावायचा म्हटलं तरी अंगावर यायचं. पहिल्या भेटीत समुपदेशक बाईंनी नऊ प्रश्नांचा कागद दिला. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, एवढंच विचारलं होतं. माझे २७ पैकी १६ आले. मला तिथेच रडू फुटलं, कारण तोवर मी त्याला आळस म्हणत होते.

चार भेटी मी गुजरातीत बोलले. जन्म इथलाच, भाषेची अडचण नव्हती. पण सगळं ऑफिसात सांगितल्यासारखं नीटनेटकं निघायचं. पाचव्या भेटीत आईच्या शेवटच्या दिवसाबद्दल सांगताना तोंडून गेलं, "माझंच चुकलं गं आई." बाई म्हणाल्या, "मराठीमां ज बोलो, मने समजाशे." त्या दिवशी आईला बरं नसताना मी कामावर गेले होते, हे मी तेव्हा पहिल्यांदा कोणाला सांगितलं. त्यांनी 'तुमची चूक नाही' असं म्हटलं नाही. कागदावर दोन रकाने करायला लावले: सकाळी साडेनऊला मला काय माहीत होतं, आणि संध्याकाळी काय कळलं. मी दीड वर्ष संध्याकाळचं ज्ञान सकाळच्या मला लावून शिक्षा देत होते. तो कागद अजून कपाटात आहे.

*मकरपुरा, वय २९*

नोकरी गेली होती, म्हणून मला वाटलं नोकरीबद्दल काही सांगतील. त्यांनी वही करायला सांगितली. दर तासाला काय केलं आणि बरं किती वाटलं, ० ते १०. आठवडाभर सगळीकडे १, १, २. फक्त गुरुवारी एक ४ होता. शेजारच्या पोराच्या सायकलची चेन बसवून दिली होती. मी ते विसरूनही गेलो होतो, सरांनी बोट ठेवून दाखवलं.

मी म्हणायचो, इच्छा झाली की करेन. ते म्हणाले, या आजारात इच्छा आधी येत नाही, करायला लागल्यावर मागून येते. मग दोनच कामं ठरली: दिवसाआड दाढी, आणि सकाळी कमाटीबागेत वीस मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात एकदाही गेलो नाही. लाज वाटली, भेट रद्द करणार होतो. गेलो तर सर म्हणाले, "मग काम मोठं दिलं गेलं. फाटकापर्यंत जा आणि परत ये." फाटकापर्यंत गेलो. पुढच्या आठवड्यात आत गेलो. एकूण बारा भेटी झाल्या. नोकरी अजून मनासारखी नाही, पण वहीतले १ गेले.

*मांजलपूर, वय ३५*

माझा पहिला अनुभव वाईट आहे, तोही यायला हवा. घटस्फोटानंतर गेले, तर समोरच्या व्यक्तीनं दुसऱ्या लग्नाचा विषय काढला. परत गेलेच नाही, आणि वर्ष गेलं. दुसऱ्या ठिकाणी आधीच विचारलं: शिक्षण काय, भारतीय पुनर्वास परिषदेची (क्लिनिकल मानसशास्त्रज्ञांची नोंदणी करणाऱ्या सरकारी संस्थेची) नोंदणी आहे का, माझं बोलणं कोणाला सांगाल? त्यांना राग आला नाही. जिवाला धोका दिसला तरच घरच्यांना कळवेन, एरवी नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पटलं नाही तर माणूस बदला. समुपदेशनच सोडू नका.

*वाघोडिया रोड, वय ३१*

बाळंतपणानंतर दीड महिन्यानं मी बाळाला घेऊन गॅलरीत जायला घाबरायचे. हातातून पडेल, मीच टाकीन, असं चित्र यायचं. कोणाला सांगणार? शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं सासूबाई मायेनं करत होत्या. समुपदेशक ताईंनी पहिल्यांदा हेच सांगितलं की असा विचार येणं म्हणजे तशी इच्छा असणं नव्हे. घाबरून गॅलरी टाळणारी आई बाळाला जपतेच आहे. सगळं नीट विचारून घेतलं, मग मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवलं. एका भेटीला सासूबाई आणि हे, दोघांना बोलावलं. ताई सासूबाईंना म्हणाल्या, "हिला सलग पाच तास झोप हवी, तेवढं कराल?" सासूबाई म्हणाल्या, "एवढंच ना? आधी का नाही सांगितलं?" रात्रीचं एक पाजणं त्यांनी वाटी-चमच्यानं स्वतःकडे घेतलं.

*प्रतापनगर, वय ७१*

मला आधी गोळ्याच लागल्या. डॉक्टरांनी थायरॉइड आणि बी-१२ तपासून मग औषध दिलं. गुण यायला चार आठवडे लागले. तोवर समुपदेशकासमोर मी नुसता बसून असे. बोलता यायला लागलं ते नंतर. गोळी की बोलणं, असा वाद घरी घालू नये.

*रावपुरा, वय ४०*

भाऊ रात्री दोनला म्हणाला, आता जगायचं नाही. मी टेलि-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन लावला. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, भाषा निवडता येते. पलीकडच्या ताईंनी त्याला थेट विचारलं, मरायचे विचार येतात का, कसं करायचं ठरवलंय का? मला वाटलं, हे विचारून त्याच्या डोक्यात घालतायत. उलट तो पहिल्यांदा बोलला. मला सांगितलं, घरातल्या गोळ्या बाहेर न्या, रात्रभर एकटं सोडू नका, सकाळी दवाखान्यात न्या. तसंच केलं. तो आता दर बुधवारी भेटीला जातो.

*सुभानपुरा, वय २४*

उद्या अकरा वाजता माझी पहिली भेट आहे. काय बोलायचं तेच सुचत नाहीये. आत्तापासून पोटात गोळा आलाय.

*दांडिया बाजार*

अगं, हेच सांग त्यांना, "काय बोलायचं सुचत नाहीये." पुढचं त्या विचारतील. भाषा कुठली हवी तेही सांग. साडेदहाला सूरसागरपाशी थांब, मी दवाखान्याच्या दारापर्यंत येते.