रोपाची उंची नको, मुळं बघा
‘सावली लवकर हवी तर नर्सरीतलं सर्वांत उंच रोप घ्या’ हा झाडं लावण्याच्या चर्चेत कुणीतरी दिलेला सल्ला पटला नाही. कोणतं झाड लावावं यावर भरपूर बोलून झालं, पण पिशवीतल्या मुळांकडे कुणी पाहिलंच नाही. लहान पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाची मुळं तळाशी गोल गोल वळतात. तशीच लावली तर पुढे जाड होऊन खोडालाच फास लावतात, आणि चांगलं वाढलेलं झाड वाऱ्यात उन्मळतं. त्यापेक्षा दोन-तीन फुटांचं, मोकळ्या मुळांचं रोप केव्हाही चांगलं. मुळं वळलेली दिसलीच तर मुळांच्या मातीसकट गोळ्याला तीन-चार उभे काप द्या.

खड्डा गोळ्याइतकाच खोल, रुंदीला मात्र दुप्पट. खोड जिथे मुळांकडे रुंदावतं तो भाग मातीवरच राहू द्या, गाडला की साल कुजते.