कढत झऱ्यांवर वीज: आपण मागणी लावून धरावी का?

कोयनाकाठ, पाटण
कुंभार्ली घाट उतरून कोकणातल्या तुरळच्या झऱ्यांवर जाऊन आलो. रात्रंदिवस वाहणारं कढत पाणी आंघोळीपुरतं वापरून ओढ्याला सोडतात, जीव हळहळतो. अलास्कात चेना इथे २००६ पासून जेमतेम ७४ अंशांच्या पाण्यावर वीज होते. त्या पाण्याची वाफ करायचीच नाही. कमी तापमानाला उकळणारा, फ्रिजमध्ये असतो तसला द्रव त्यावर उकळायचा, त्याच्या वाफेनं टर्बाइन फिरवायचं, निववून पुन्हा तोच वापरायचा. सूर्य मावळला तरी ही वीज बंद पडत नाही. झरे तिकडे, पण आपल्या कोयना पट्ट्यातही खोल बोअर मारून बघावं.

बॉयलरवाला, वाळवा
साखर कारखान्यात उष्णतेचाच हिशेब करतो, म्हणून सांगतो. चेनाला निववायला ४ अंशांच्या आसपासचं पाणी आहे. म्हणजे फरक ७० अंशांचा. कोकणातला उन्हवऱ्याचा झरा सुमारे ७० अंश, आपलं थंड पाणी ३० धरा. फरक उरला ४०. वीज या फरकावर निघते. सेकंदाला १० लिटर पाणी २० अंशांनी निववलं तर उष्णता मिळेल सुमारे ८४० किलोवॅट. त्यातली ५ टक्के वीज झाली तर ४२, त्यातून पंप वजा. तीच उष्णता कोकम, आंबापोळी, मासळी वाळवायला थेट द्या, बरीचशी कामी येईल.

कोयनाकाठ, पाटण
वाळवण हंगामापुरतं, झरा बारमाही. क्वीन्सलंडच्या बर्ड्सव्हिलला वाळवंटी उकाड्यातही अशी वीज केलीच ना?

बॉयलरवाला, वाळवा
केली, पण ते पाणी ९८ अंशांचं. तरी हातात ८० किलोवॅटच.

हेळवाकची सून
बोअर शब्द वाचून राहवलं नाही. ११ डिसेंबर १९६७ ची कोयना भूकंपाची पहाट आमच्या घरात अजून सांगितली जाते. स्वित्झर्लंडमध्ये बासेलला २००६ साली अशाच विजेसाठी खोल खडकात दाबानं पाणी घातलं, ३.४ चा धक्का बसला, प्रकल्प गुंडाळावा लागला. कोरियात पोहांगला तसल्याच कामानंतर २०१७ मध्ये ५.४ चा झाला. गोठण्याजवळ ३ किलोमीटरचं बोअर झालंय ते भूकंप समजून घ्यायला. विजेसाठी आमच्या पायाखाली नको.

कोयनाकाठ, पाटण
वहिनी, वाहत्या झऱ्याचं पाणी घेणं आणि खडक फोडणं वेगळं. पण बोअरचं मी मागे घेतो, तिथे तुमचं म्हणणं खरं आहे. तुरळचं सोडत नाही. आधी सेकंदाला किती लिटर येतं ते मे महिन्यात मोजू, मग बॉयलरवाल्यांच्या हिशेबात आकडा घालू.

बॉयलरवाला, वाळवा
मोजायला मी येतो. वाळवणाचा हिशेबही शेजारी मांडायचा, एवढीच अट.