पहिली बाजू हाताने सपाट करा, थिकनेसर नंतर घ्या

पेठकर

छंद म्हणून सुतारकाम सुरू केलेली मंडळी हल्ली एकच प्रश्न विचारतात: भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून सागाच्या चिरलेल्या फळ्या आणल्या, आता घरी छोटा थिकनेसर घेऊ का? माझं मत, इतक्यात घेऊ नका. आधी एक चांगला रंधा, काटकोन तपासायचा एक गुण्या आणि धार लावायचा दगड घ्या, आणि फळीची पहिली बाजू हाताने सपाट करायला शिका.

थिकनेसरचं काम जाडी एकसारखी करायचं. फळीला पीळ असेल, म्हणजे तिची दोन टोकं एकमेकांच्या उलट फिरलेली असतील, तर मशीनचे रूळ तिला टेबलावर दाबून धरतात, वरून पातं फिरतं, फळी पलीकडे बाहेर येते, दाब सुटतो आणि पीळ होता तसा परत येतो. फळी पातळ मात्र होते. सव्वा इंची साग पाऊण इंचावर आणूनही टेबलाचा टॉप डुगडुगतो, तो यामुळे.

हाताने करताना आधी पीळ बघावा लागतो. दोन सरळ पट्ट्या फळीच्या दोन टोकांना आडव्या ठेवायच्या. वाकून, डोळा जवळच्या पट्टीच्या वरच्या कडेला आणून लांबच्या पट्टीकडे बघायचं. कडा समांतर दिसल्या तर ठीक. एक बाजू वर डोकावली तर पीळ आहे. पट्ट्या फळीच्या रुंदीच्या दुप्पट लांब घेतल्या तर फरकही दुप्पट दिसतो, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरचा पीळसुद्धा सुटत नाही. उंच कोपरे तिरके समोरासमोर येतात. त्यांच्यावर पेन्सिलीने रेघोट्या मारा आणि रंधा तेवढ्याच जागी चालवा, आधी आडवा-तिरका. आडव्या दिशेने लाकूड पटकन सुटतं, जाड सालपं निघाली तरी हात भरून येत नाहीत. यासाठी पात्याची धार किंचित गोलाईची हवी. पीळ गेला की मग लांब रंधा उभा मारायचा. ५ नंबरचा रंधा १४ इंची असतो, ७ नंबरचा २२ इंची. रंधा लांब असला की खोलगट भागावरून तरंगत जातो आणि उंचवटेच कापतो.

एक बाजू सपाट झाली की तिच्यावरून गुण्याने एक कड काटकोनात आणा, मार्किंग गेजने चारी बाजूंनी जाडीची रेघ ओढा आणि दुसरी बाजू रेघेपर्यंत उतरवा. ही दुसरी बाजू थिकनेसरला दिलीत तरी माझी हरकत नाही.

वखारवाला

थिकनेसरबद्दल लिहिलंय ते खरं आहे, पण अर्धंच आहे. कुठल्याही धड कारखान्यात फळी थेट थिकनेसरमध्ये जात नाही. आधी ती सरफेस प्लेनरवर जाते. तिथे वरून रूळ दाबत नाहीत, हाताने फळी पात्यावरून सरकवायची असते, म्हणून एक बाजू खरोखर सपाट होते. मग थिकनेसर. दोन्ही मशीनं मिळून पीळ काढतात, रोज काढतात. "मशीनने पीळ जात नाही" असा समज यातून पसरायला नको.

घरी थिकनेसर एकटाच असेल तरी उपाय आहे. फळीपेक्षा थोडी मोठी, सपाट, जाड प्लायची पाटी घ्या. फळी तिच्यावर ठेवा, जिथे जिथे अधांतरी राहते तिथे पाचरा सरकवून चिकटवा आणि पाटीसकट मशीनमधून काढा. रुळांना दाबायला पोकळी उरत नाही. वरची बाजू सपाट झाली की पाटी काढून फळी उलटी घाला.

आणि वेळेचं काय? एका दरवाजाच्या चौकटीचे आणि पॅनेलचे सगळे तुकडे हाताने तयार करायचे म्हटलं तर कारागिराचा दिवस मोडतो. गिऱ्हाईक त्या दिवसाचे पैसे देत नाही. वयाच्या पन्नाशीत खांदे आणि कंबर गेलेले कारागीर मी जवळून पाहिलेत. ज्यांनी आयुष्यभर जमिनीवर बसून, पायाने फळी दाबून रंधा मारला, त्यांना मशीन आल्यावर सुटका झाल्यासारखं वाटलं. त्यांच्यासमोर हातकामाचे गोडवे गायला मला जड जातं.

सिंहगड रोड

कारखान्याचं गणित पटलं. पण इथे प्रश्न फ्लॅटमध्ये राहणाऱ्याचा आहे. आमच्या सोसायटीत दुपारी दोन ते चार ड्रिलसुद्धा चालवू देत नाहीत. बाल्कनीत थिकनेसर लावला तर पहिल्याच फळीला चेअरमन दारात येतील. रंध्याचा आवाज शेजारच्या खोलीतही जेमतेम जातो.

दुसरं म्हणजे धूळ. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकली आहे. रंध्याची सालपं झाडूने गोळा होतात. मशीनचा आणि सँडिंगचा बारीक भुगा हवेत राहतो आणि घरात लहान मूल असतं. मला एवढं कारण पुरे आहे.

वखारवाला

धुळीचा मुद्दा मान्य. पण त्यावर उपाय धूळ ओढणारं यंत्र आणि नीट मास्क हा आहे, आणि तो कारखान्यांनी करायलाच हवा. बरेच करत नाहीत, ही खरी लाजेची गोष्ट.

जुनं सागवान

वाड्यांचं लाकूड कुणी विसरू नका. पेठांमधले वाडे पाडले की तुळया, वासे, पाट्या विकायला येतात. मुरलेला साग, आज नवीन मिळणं कठीण. पण त्यात जुने खिळे मोडून आत बसलेले असतात, वरून दिसतही नाहीत. एक खिळा मशीनच्या पात्याला लागला की पात्याला खाच पडते आणि पुढच्या प्रत्येक फळीवर त्या जागी एक उंच रेघ उमटते, पाती बदलेपर्यंत. रंध्याला खिळा लागला तर हाताला लगेच कळतं, पातं काढून दगडावर घासलं की काम पुढे सुरू. चुंबक फिरवून खिळे शोधा, हे आहेच. तरीही वाड्याच्या लाकडाची पहिली बाजू मी मशीनला देणार नाही.

कोथरूडकर

मला पेठकरांचं पटत नाही, आणि कारण वेगळं आहे. नवशिक्याची खरी अडचण धार आहे. दुकानातून आणलेला रंधा धार न लावता कामाला येत नाही. पात्याचा उतार २५ अंशांवर घासायचा, टोकाला ३० अंशांची बारीक धार द्यायची, पाठ आरशासारखी सपाट करायची, पाठीवरची पत्ती धारेच्या अगदी जवळ आणायची, हे सगळं जमेपर्यंत माणूस कंटाळून सोडून देतो. सागात सिलिका असते, धार झपाट्याने मरते. गाठीजवळ लाकडाच्या रेषांची दिशा उलटली की लाकूड उपटून निघतं. पहिल्या महिन्यात एक स्टूल उभं राहिलं तर तो माणूस सुतारकामात टिकेल. त्याला चिरलेलं आणि मशीनवर तयार केलेलं लाकूड आणू द्या, सांधे शिकू द्या. रंधा मागाहून येईलच.

पेठकर

धार अवघड आहे, पण टाळता येत नाही. सांधे शिकायचे तर पटाशी लागणारच, आणि बोथट पटाशीने सांधा होत नाही. मग ती धार पहिल्या आठवड्यातच का शिकू नये? वखारवाल्यांची पाचरांची युक्ती चांगली आहे, जरूर करा. पण पाचर कुठे घालायची हे कळायला पीळ कुठे आहे ते दिसलं पाहिजे, म्हणजे पुन्हा त्या दोन पट्ट्याच. माझा आग्रह या नजरेसाठी आहे. विश्रामबाग वाड्याच्या दर्शनी भागातले सुरूच्या आकाराचे खांब बघा. १८०७ च्या आसपासचं काम, मशीन नव्हतंच. ज्यांनी ते घडवलं त्यांची नजर आपल्यात थोडी तरी यावी, असं मला मनापासून वाटतं.

पाषाण

तुम्ही सगळे लाकूड कोरडं आहे असं धरून चालला आहात. ओल्या फळीला रंधा मारा नाहीतर मशीन, महिन्याभरात ती पुन्हा वाकते. वाऱ्यावर वाळवताना इंचाच्या जाडीला वर्ष, असा ढोबळ हिशोब आहे. पावसाळ्यात आणलेल्या फळ्या मधे पट्ट्या घालून, भिंतीपासून सुट्या रचा. आडव्या रेषेत चिरलेली फूटभर रुंद सागाची फळी पुण्यात ऑगस्ट ते मे सहज दोन मिलिमीटर आकसते. तयार करतानाही दोन्ही बाजूंनी थोडं थोडं काढा, आठवडाभर उभी ठेवा, पीळ पुन्हा बघा आणि मग शेवटच्या मापावर आणा.

वखारवाला

पाषाण यांच्याशी शंभर टक्के सहमत. त्यात चिराईची एक गोष्ट जोडतो, कारण नव्या लोकांचं नुकसान इथे होतं. तयार फळी १ इंचाची हवी असेल तर सव्वा इंचाची चिरून मागा, लांब फळी असेल तर आणखी थोडी जास्त. आणि सहा फुटी फळी सपाट करायच्या आधी तुकडे पाडा. दोन फुटांच्या तुकड्यात पीळ एक तृतीयांशच उरतो, तेवढं लाकूड वाचतं. मग तो रंध्याने काढा नाहीतर मशीनने, त्यावर आपलं भांडण चालू राहू दे.