होल्डेम की पाच पानी ओमाहा? जास्त काय खेळतात?

मेंढीकोट:
आमचा नऊ जणांचा तीन पत्तीचा कट्टा आहे. पैसे नाहीत, नुसत्या चिप्स. आता पोकर सुरू करायचं चाललंय. यूट्यूबवर बघावं तर टेक्सास होल्डेमच, पण इथले खेळणारे पाच पानी ओमाहाचं नाव काढतात. नक्की जास्त चालतं काय, आणि आम्ही कशावर हात बसवावा?

इस्पिक_एक्का:
जगभरात होल्डेम, आणि स्पर्धांत तर विचारायलाच नको. पूर्वी असं नव्हतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सेव्हन कार्ड स्टडचंच राज्य होतं. होल्डेम टेक्सासमधून १९६० च्या दशकात लास वेगासला पोचला, आणि १९७१ पासून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा नो-लिमिट (हवं तेवढं लावायची मुभा असलेल्या) होल्डेमवर होते. खरी उसळी २००३ नंतरची. त्या वर्षी ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस ऑनलाइन पात्रता फेरीतून आला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. तेव्हा खेळाडू होते ८३९. २००६ मध्ये ८,७७३.

टीव्हीचाही हात मोठा. होल्डेममध्ये प्रत्येकाची दोनच पानं, बाकी पाच सगळ्यांची. कॅमेऱ्याने ती दोन दाखवली की घरबसल्या माणसाला डाव कळतो. स्टडमध्ये प्रत्येकाची सात वेगळी पानं, शिवाय पॅक झालेल्यांची उघडी पानं लक्षात ठेवायची. आठ जण शेवटपर्यंत राहिले तर ५६ पानं लागतात, जोडात ५२. मागे पडणारच.

किलवर_दश्शी:
वरचं बरोबर, पण ते स्पर्धांचं झालं. रोख टेबलावर ओमाहाचा जोर वेगळाच. तीन पत्तीवाल्याला होल्डेममध्ये तासभर पॅक करत बसणं मानवत नाही. ओमाहात हातात चार, पाच किंवा सहा पानं, आणि त्यातली दोन वापरायची. होल्डेमला दोन पानांची एकच जोडी. चार पानांत ६ जोड्या, पाचात १०, सहात १५. दर डावाला काहीतरी लागल्यासारखं वाटतं.

टेबलावर ८-७-२ आलंय, हातात १०-९-६-५. चौकी, पंजी, छक्की, नश्शी, दश्शी, गुलाम, काहीही आलं तरी सिक्वेन्स. एकूण २० पानं, म्हणजे पुढच्या दोन पानांत साधारण ७० टक्के. होल्डेममध्ये दोन्ही टोकं उघडी असली तरी ८ पानं, ३१–३२ टक्के. होल्डेमला दोन एक्के दोन राजांना शंभरातले ८०–८२ वेळा मारतात. ओमाहात बऱ्या हातासमोर ६०–६५ वर येतात. म्हणून दोन एक्क्यांना मिठी मारून बसणारा ओमाहात बुडतो.

बदामसत्ती:
@किलवर_दश्शी, ओढ कशाची ते पटलं, पण नऊ जणांना पाच पानी बसवणार कसं? ९ गुणिले ५ म्हणजे ४५, टेबलावरची ५, आणि प्रत्येक फेरीआधी पालथी टाकायची ३. झाली ५३! पाच पानी आठ जणांपर्यंत, सहा पानी सातपर्यंत. नऊ जणांचा होल्डेम २६ पानांत उरकतो.

आता नवशिक्यांचे ठरलेले घोटाळे. ओमाहात हातातली नेमकी दोन आणि टेबलावरची नेमकी तीन पानं. टेबलावर चार बदाम आणि हातात एकटा बदाम एक्का असेल तर कलर होत नाही. हातात चारही एक्के आले तरी ती एक जोडीच, आणि सुधारायची वाट बंद.

दुसरा घोटाळा खास तीन पत्तीवाल्यांचा. तिथे सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा, कारण तीन पानांत सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. पाच पानांत उलटं: सिक्वेन्स १०,२००, कलर ५,१०८. पोकरमध्ये कलर वर. पहिल्या दिवशी क्रम लिहून टेबलावर ठेवा, नाहीतर भांडणं ठरलेली.

(शॉर्ट डेकच्या नादाला इतक्यात लागू नका. दुर्री ते पंजी काढून ३६ पानांत खेळतात, तिथे कलर फुलहाऊसलाही (तीन सारखी आणि दोन सारखी पानं) मारतो. परत सगळा गोंधळ.)

मेंढीकोट:
म्हणजे होल्डेमपासूनच. पण ओमाहा 'पॉट-लिमिट' का असतो? आणि ऑनलाइन सराव?

इस्पिक_एक्का:
हात एकमेकांच्या इतके जवळ असतात की सगळं एकदम लावायची मुभा दिली तर पुढची पानं उघडायच्या आधीच नशिबावर निकाल. म्हणून वाढ पॉटएवढीच, म्हणजे टेबलावर जमलेल्या चिप्सएवढीच. हिशेब: समोरच्याची बेट गुणिले ३, अधिक त्याआधीचा पॉट. पॉट ५००, त्याने ५०० टाकले, तर तुम्ही जास्तीत जास्त २,००० टाकू शकता. डीलरने हा आकडा मोठ्याने सांगावा. बाकीच्यांनी मनात मोजला की चुकतो.

ऑनलाइनचं म्हणाल तर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून चालणारे ऑनलाइन खेळ बंद झालेत, पोकरसुद्धा. कौशल्याचा खेळ ही पळवाटही राहिली नाही. फुकट चिप्सवर सराव करता येतो, पण तिथे लोक कशावरही सगळं लावतात. त्यावरून अंदाज बांधू नका. आधी चार-पाच बैठका होल्डेम, मग एक गडी कमी करून चार पानी ओमाहा.

बदामसत्ती:
गडी कशाला कमी करायचा? चार पानीला ३६ आणि ८, ४४. नऊ जण आरामात बसतात.