अमेरिकेत कविता कवींपुरतीच उरली आहे का?

दूरदेशी: डेना जोया या कवीने १९९१ साली 'द अटलांटिक' मासिकात लिहिलं होतं की अमेरिकी कविता विद्यापीठांत कोंडली गेली आहे, कवीच कवींना वाचतात. माझ्या मते आजही तेच चित्र आहे. आयोवा विद्यापीठात १९३६ मध्ये कथा-कविता लिहायला शिकवणारं रायटर्स वर्कशॉप सुरू झालं आणि त्या धर्तीवर देशभर लेखनाचे पदवी अभ्यासक्रम निघाले. कवी शिकवतो, विद्यार्थी कवी होतो, मग तोही शिकवायची नोकरी शोधतो. २००२ मध्ये रूथ लिली यांनी शिकागोच्या 'पोएट्री' मासिकामागच्या संस्थेला सुमारे दहा कोटी डॉलर दिले. पैसा आला, वाचक कुठे आहेत?

कवडसा: वाचक आहेत की! कलांना अनुदान देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नॅशनल एंडाउमेंट फॉर द आर्ट्सच्या पाहणीत वर्षभरात कविता वाचलेले प्रौढ २०१२ मध्ये ६.७ टक्के होते, २०१७ मध्ये ११.७. अठरा ते चोवीस वयोगटात तर प्रमाण दुपटीहून वाढलं.

दूरदेशी: २०२२ मध्ये ते पुन्हा ९.२ वर आलं, तेही सांगा. शिवाय वर्षात एखादी कविता नजरेखालून गेली तरी माणूस त्यात धरला जातो.

शब्दवेडी: मला आकड्यांपेक्षा २०१६ चा जून महत्त्वाचा वाटतो. ऑर्लंडोच्या नाइटक्लबमध्ये गोळीबार झाला आणि कवयित्री मॅगी स्मिथ यांची 'गुड बोन्स' ही कविता लोक एकमेकांना पाठवू लागले. जग किती वाईट आहे हे मुलांपासून लपवणाऱ्या आईची कविता. ती कोणी अभ्यासक्रमात लावली म्हणून पसरली नाही, लोकांना त्या दिवशी तीच हवी होती.

दूरदेशी: म्हणजे शोकाला कविता आणि शपथविधीला कविता. २०२१ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीत बावीस वर्षांच्या कवयित्री अमांडा गोरमन यांना सगळ्या देशाने ऐकलं. एरवीचं काय?

कवडसा: एरवी शिकागोच्या ग्रीन मिल क्लबमध्ये जा. मार्क स्मिथ यांनी १९८६ पासून तिथे पोएट्री स्लॅम, म्हणजे मंचावर कविता सादर करायची स्पर्धा, रुजवला. स्लॅममध्ये गुण देणारे परीक्षक प्रेक्षकांतूनच उचलतात, प्राध्यापक लागत नाहीत. आणि तुमचे जोया स्वतः पुढे त्याच एंडाउमेंटचे अध्यक्ष झाले. लिलींच्या देणगीवर वाढलेल्या पोएट्री फाउंडेशनला जोडीला घेऊन त्यांच्या काळात 'पोएट्री आउट लाउड' स्पर्धा सुरू झाली. हायस्कूलची पोरं कविता पाठ करून म्हणतात. तो पैसा तिथे पोचला.

दूरदेशी: पाठांतर चांगलंच आहे, पण माझी शंका तिथेच अडते. 'गुड बोन्स' नावाचा मॅगी स्मिथ यांचा अख्खा संग्रह २०१७ मध्ये आला. ती एक कविता सोडून त्यातली दुसरी कोणती वाचलीत, सांगा.

शब्दवेडी: एकही नाही. पण ही एक मला पाठ आहे, आणि मी कवी नाही.