बायोफिल्म : पटल, थर की बुळबुळ?

प्रश्न : दूध प्रकल्पातल्या स्वच्छतेच्या सूचनांत 'बायोफिल्म'ला काय लिहावं? 'जैवपटल' दिसतो, पण पाइप धुणाऱ्याला तो कळेल का? आणि 'बायोफिल्ममधले जिवाणू प्रतिरोधक असतात' हे वाक्य बरोबर आहे का?

प्रतिसाद : 'पटल' म्हटलं की सपाट पडदा डोळ्यांपुढे येतो. इथे जिवाणू पृष्ठभागाला चिकटतात, बहुशर्करा, प्रथिनं आणि डीएनए यांचा चिकट गर स्वतःभोवती सोडतात आणि त्यातच राहतात. आत पाणी खेळायला वाटाही असतात. न घासलेल्या माठाच्या आत बोट फिरवलं की लागते ती बुळबुळ हीच. सूचनेत 'बुळबुळीचा थर' लिहा, लेखात 'बायोफिल्म'च ठेवा. मात्र 'हाताला बुळबुळ लागत नाही म्हणजे थर नाही' असं कुठे सूचित होऊ देऊ नका, कोवळा थर हाताला लागत नाही. 'साय' तर नकोच. साय स्निग्धांश आणि प्रथिनांची असते, तिला जिवाणू लागत नाहीत.

प्रतिसाद : 'पापुद्रा'ही इथे खर्ची घालू नका. काँबुचावर, म्हणजे आंबवलेल्या चहावर, तरंगतो त्या थराला तोच शब्द शोभतो.

प्रतिसाद : 'प्रतिरोधक' घाईचा आहे. वाढ रोखणारी औषधाची किमान मात्रा द्रवात मोकळ्या वाढणाऱ्या पेशींवर मोजतात. थर विस्कटून त्याच पेशी मोकळ्या वाढवल्या की ती मात्रा बहुधा पहिल्याइतकीच निघते. तिथे जनुक बदललेलं नाही, परिस्थिती बदललेली आहे. थराच्या तळाशी प्राणवायू आणि अन्न कमी, म्हणून वाढ मंद. आणि पेनिसिलिन मारतं ते पेशीची भिंत बांधत असलेल्या, म्हणजे वाढत्या पेशींना. याला 'सहनशीलता' म्हणा. १९४४ मध्ये जिवाणुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी पेनिसिलिनमधून वाचलेले स्टॅफिलोकोकस जिवाणू पुन्हा वाढवले, तर त्यांची संतती पहिल्यासारखीच मरली. अशा मूठभर पेशींना 'चिवट पेशी' हा शब्द चपखल बसतो. 'औषधाला दाद देत नाही' हे प्रतिरोध आणि सहनशीलता या दोन्हींना लागू पडतं, म्हणून बातमीत छान, अहवालात घोटाळ्याचं.

प्रश्नकर्ता : मग 'क्रिस्टल व्हायोलेट चाचणीने जिवंत जिवाणू मोजले' हेही खोडायचं?

प्रतिसाद : खोडाच. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये साधारण २४ तास वाढवून द्रव ओतून टाकतात, प्लेट पाण्यात बुडवून धुतात, क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग ०.१ टक्के घेऊन १० ते १५ मिनिटं ठेवतात, पुन्हा धुऊन वाळवतात, ३० टक्के ॲसेटिक आम्लात रंग सोडवून तो किती गडद आहे ते ५५० नॅनोमीटरच्या प्रकाशात वाचतात. रंग मेलेल्या पेशींना आणि गरालाही धरतो. 'चिकटलेला ऐवज मोजला' इतकंच खरं. धुताना नळाची धार सोडली तर थर उखडून आकडा पडतो; धुणं कमी पडलं तर मोकळ्या पेशी आणि उरलेला रंग मिळून तो फुगतो.

प्रतिसाद : जाता जाता 'नासणे'. लॅक्टिक आम्ल वाढून फुटलेलं दूध आंबट लागतं. बॅसिलस सेरियस या जिवाणूने फुटलेलं बरेचदा आंबट न होताच फुटतं. स्यूडोमोनास हा जिवाणू थंड दुधातही वाढतो. पाश्चरीकरणात ७२ अंशांवर १५ सेकंदांत तो स्वतः मरतो, पण त्याची प्रथिनं आणि स्निग्धांश तोडणारी विकरं टिकतात आणि दूध पुढे कडवट होतं. तक्रारवहीत तिन्हींना 'नासलं' लिहिलं तर कच्चं दूध किती वेळ साठलं होतं ते तपासायचं, की पाइपच्या जोडातल्या गॅस्केटखालचा बुळबुळीचा थर, ते कळत नाही. 'आंबून फुटलं', 'न आंबता फुटलं', 'कडवट झालं' असे तीन रकाने करा.